अनोळखी माणसाने केलेले उपकार कसे फेडावेत?

सदाशिवपेठकर

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात घडलेली एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून येथे मांडतो आहे. माझी आई 76 वर्षांची असून गेली दोन वर्षे तिला विस्मरणाचा आजार आहे. त्या दिवशी कुणाचे लक्ष नसताना ती पिशवी घेऊन मंडईत जायला म्हणून घराबाहेर पडली, स्वारगेटला कुठल्यातरी बसमध्ये चढली आणि थेट कात्रजला जाऊन उतरली. आम्ही सगळे तुळशीबाग, मंडई, शनिपार असा परिसर पालथा घालत होतो. दुपारी सव्वादोनच्या सुमारास कात्रजच्या थांब्याजवळ भाजी विकणाऱ्या एका बाईंचा फोन आला. आईच्या पिशवीतल्या औषधांच्या चिठ्ठीमागे लिहिलेला माझा नंबर त्यांनी शोधून काढला होता.

मी पोहोचलो तेव्हा आई त्यांच्या शेजारी गोणपाटावर बसून शांतपणे मटार सोलत होती. शेजारच्या फळवाल्याने मला नंतर सांगितले की सुरुवातीला ती घाबरून रडत होती आणि कुणाला जवळ येऊ देत नव्हती. तेव्हा त्या बाईंनी नाव-गाव काहीही न विचारता शेंगांची पाटी तिच्यापुढे सरकवली आणि "आजी, माझे हात पुरत नाहीत, एवढं सोलून देता का?" असे म्हटले. आम्ही काळजीपोटी आईच्या हातातून एकेक काम काढून घेत आलो होतो. त्यांनी पहिल्या भेटीतच तिच्या हाताला काम दिले, आणि ती सावरली.

त्यांनी पैसे घेतले नाहीत. उलट सोललेल्या दाण्यांचा पुडा आईच्या हातात ठेवून म्हणाल्या, "आजींनी सोललेत, आजींनीच खायचे." मला त्यांचे नाव विचारण्याचेही सुचले नाही. असे उपकार कसे फेडावेत? आपल्यापैकी कुणाला असा अनुभव आला असेल तर पुढे आपण काय केलेत, हे जाणून घ्यायचे आहे.

मुळामुठेकाठी

आपले लिखाण वाचून मला माझ्या सासूबाईंची आठवण झाली. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही, तेव्हा त्या 17 वर्षांच्या होत्या आणि त्यांचे बिऱ्हाड नारायण पेठेत नदीपासून फार दूर नव्हते. अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीच्या दिशेने निघालेल्या त्या कुटुंबाला वाटेत एका अनोळखी घराने आत घेतले आणि दोन खोल्यांच्या त्या संसारात अकरा दिवस सांभाळले. त्या घरच्या बाईंनी आपल्या ट्रंकेतली दोन लुगडी सासूबाईंच्या आईला दिली. पुढे ते कुटुंब जागा सोडून गेले आणि पुन्हा गाठ पडली नाही.

सासूबाईंनी मात्र लग्नानंतर आयुष्यभर कपाटाच्या तळाशी दोन नव्या साड्या घडी करून ठेवल्या. आम्ही सुना त्याला त्यांची जुनी सवय समजत होतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि अरण्येश्वर परिसरात घरांमध्ये पाणी शिरले, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या साड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि कुणाला द्यायच्या तेही सांगितले नाही. त्याच आठवड्यात त्यांनी मला दोन नव्या साड्या आणायला पाठवले.

ओ निगेटिव्ह

माझ्या बाबतीत तर उपकार करणाऱ्याचा चेहराही दिसला नाही. मुलीच्या जन्मानंतर पत्नीला फार रक्तस्राव झाला आणि एका रात्रीत रक्ताच्या चार पिशव्या लागल्या. पिशवीवर रक्तगट, तारीख आणि एक क्रमांक एवढेच असते. रक्त कुणाचे, हे रुग्णाला कळत नाही. पुरुषाला दर तीन महिन्यांनी रक्तदान करता येते आणि मी तेव्हापासून तो नेम मोडलेला नाही. महाविद्यालये बंद असतात त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत शिबिरे कमी होतात आणि पेढ्यांमध्ये तुटवडा पडतो, म्हणून मे महिन्यातली खेप मी विशेष जपतो. प्लेटलेट्स तर जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे आधीच साठा करून ठेवण्याची सोय नसते. कुणीतरी त्याच आठवड्यात आलेले असावे लागते.

रिक्षा थांबा, कोथरूड

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. तीन वर्षांपूर्वी पौड रस्त्यावर दुचाकी घसरून पडलेल्या एका मुलाला मी माझ्या रिक्षातून रुग्णालयात पोहोचवले. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीपासून जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. त्याआधीच्या काळात लोक पोलिसांच्या चौकशीला घाबरून पुढे होत नसत, त्यामुळे हा बदल फार मोलाचा आहे. मीही नाव न देता निघालो. पण तो मुलगा वाचला की नाही, हे मला आजपर्यंत कळलेले नाही. त्या वळणावरून जाताना दर वेळी त्याचा हिरवा शर्ट डोळ्यांसमोर येतो. मला त्याच्याकडून काहीही नको आहे, फक्त तो बरा आहे एवढे कुणी सांगितले असते तर बरे झाले असते. म्हणून दादा, साडी किंवा पैसे घेऊन जाऊ नका. आईंना घेऊन जा.

सदाशिवपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. रिक्षावाल्या दादांचे म्हणणे वाचल्यावर रविवारी आईला घेऊन कात्रजला गेलो. आईने त्या बाईंना ओळखले नाही, पण त्यांनी लांबूनच "आजी आल्या!" अशी हाक मारली आणि बसायला गोणपाट झटकले. मी खिशात ठेवलेले पाकीट बाहेर काढले नाही. आईने पाटीकडे पाहिले, पदर खोचला आणि विचारले, "आज किती सोलायचे आहेत?" आम्ही तेथे दीड तास होतो. आता दर रविवारी जायचे ठरवले आहे.