गोळी सुरू झाली, पुढचे सहा आठवडे कसे काढायचे? (जाणकारांनी लिहावं)

डिप्रेशनचं निदान झालं, मानसोपचारतज्ज्ञांनी चिठ्ठी दिली, पहिली स्ट्रिप घरी आली. इथवर हल्ली बरीच माणसं पोचतात. घोळ होतो तो त्यानंतर. कुणी पाचव्या दिवशी गोळी सोडतं, कुणी बरं वाटलं म्हणून दुसऱ्या महिन्यात, आणि घरच्यांना तर आपण नक्की काय करायचं हेच कळत नाही. या धाग्यावर स्वतःची कहाणी नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत. ओपीडीत, औषधाच्या दुकानात, समुपदेशनात, शुभंकरांच्या (पेशंटला सांभाळणाऱ्यांच्या) गटात जे हे रोज बघतात त्यांनी लिहावं: कधी काय होतं, काय करायचं, कुठे फसतं.

ओपीडीतली खुर्ची

कॅलेंडर समोर ठेवून सांगते. समजा एस्सिटॅलोप्रॅम ५ मिग्रॅने सुरू करून आठवड्याने १० वर नेली, किंवा सर्ट्रालिन २५ वरून ५० वर. पहिल्या काही दिवसांत मळमळ, पोट बिघडणं, डोकं जड, उगाच तगमग. फायदा मात्र शून्य. पहिला आठवडा निव्वळ तोट्याचा असतो आणि हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस गोळी सोडणारच. नाश्त्यानंतर घेतली तर मळमळ कमी होते, आणि बहुतेकांची आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. झोप उडत असेल तर गोळी सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री; वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना एक फोन करा.

फरक जाणवायला २ ते ४ आठवडे लागतात. ‘ही लागू पडत नाही’ म्हणायचं तर योग्य डोसवर निदान ४ ते ६ आठवडे जायला हवेत. सुधारणा पुष्कळदा आधी घरच्यांना दिसते: चहा गार व्हायच्या आत संपतो, हाकेला ओ येते. पेशंटला विचाराल तर ‘काही फरक नाही’. अंगात बळ आलंय, पण निराशा तशीच आहे, हा टप्पा सगळ्यात जपायचा. पंचविशीच्या आतल्यांवर पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यावर जास्तच लक्ष हवं. आणि उलट काही दिसलं, म्हणजे तीन तास झोपूनही ताजंतवानं, बोलणं थांबत नाही, पैसे उधळणं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायला या. ते बरं होणं नसतं; आजार बायपोलर (उदासी आणि अतिउत्साह आलटून-पालटून येणारा) असू शकतो.

आता माझी नेहमीची तक्रार. सुरुवातीला झोपेसाठी क्लोनाझेपामसारखी छोटी गोळी बरोबर दिलेली असते, २ ते ४ आठवड्यांपुरती. सवय लागते ती हिची. पण हिने लगेच बरं वाटतं, म्हणून लोक ही वर्षानुवर्षं चालू ठेवतात आणि जिची सवय लागत नाही ती मुख्य गोळी ‘व्यसन लागेल’ या भीतीने बंद करतात. नेमकं उलटं! मुख्य गोळी पूर्ण बरं वाटल्यावरही ६ ते ९ महिने चालते आणि मग हळूहळू उतरवतात. एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. छोटीसुद्धा बरेच दिवस घेतली असेल तर आपल्या मनाने तोडू नका, तीही उतरवावीच लागते.

काउंटरवाला

दुकानातून दिसतं ते सांगतो. एक, स्ट्रिपच्या मागे पेनाने वार लिहा. ‘आज घेतली का?’ हा घरातला रोजचा वाद मिटतो. दोन, गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर तेव्हाची एकच, दोन नाहीत. तीन, दुसरा ब्रँड मिळाला तर घाबरू नका. मोठं नाव सोडून खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवा. जनऔषधी केंद्रातही तेच बघायचं. चार, दुखण्यावर ट्रॅमाडॉल, खोकल्यावर डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं सिरप आणि रोजच्या रोज आयब्युप्रोफेन, ही या गोळ्यांबरोबर विचारल्याशिवाय नकोत. साध्या तापाला पॅरासिटामॉल चालतं.

पायरीपायरीने

समुपदेशनाच्या बाजूने लिहिते. सगळ्यात फसणारं वाक्य म्हणजे ‘बरं वाटलं की करीन’. या आजारात क्रम उलटा लावावा लागतो, आधी कृती आणि मागून मन. यावर आधारलेली पद्धत गोव्यात ‘संगत’ संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत वापरून दाखवली. ६ ते ८ बैठका, आणि घेणारे मानसशास्त्राची पदवी नसलेले, प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक. तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले.

घरी करायचं ते असं. शंभर पानी वहीत दिवसाचे दोन-दोन तासांचे रकाने पाडा. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त काय केलं ते लिहायचं आणि पुढे दोन आकडे ० ते १० मध्ये: बरं किती वाटलं, जमलं किती. ‘पडून होतो, १, ०’ हेही लिहायचं. आठवड्याने वही वाचली की एखादा ३ किंवा ४ सापडतोच, बहुधा अगदी किरकोळ गोष्टीला. तुळशीला पाणी घालणं, नातवंडाचा व्हिडिओ कॉल. दुसऱ्या आठवड्यात तीच गोष्ट ठरलेल्या वेळी दोनदा.

काम इतकं बारीक करायचं की नाही म्हणणं अवघड व्हावं. ‘व्यायाम कर’ हे काम नव्हे. ‘साडेसातला चपला घालून कोपऱ्यावरून दूध आणणं’ हे काम. अंघोळसुद्धा फोडता येते: गीझर लावणं, टॉवेल-कपडे दाराशी टांगणं, बादली भरणं, नुसते हातपाय धुणं. तिसऱ्या पायरीवर थांबलात तरी वहीत ‘जमलं किती’च्या खाली ३ लिहा. पहिल्याच दिवशी सात कामांची यादी केली की दोन जमतात, पाच राहतात आणि रात्री स्वतःचं कोर्ट भरतं.

त्या कोर्टासाठी एक युक्ती. वाक्य जसं डोक्यात येतं तसं लिहा: ‘मी नालायक आहे’. खाली फक्त घडलेलं लिहा: ‘आज दोन फोन घेतले नाहीत’. तिसऱ्या ओळीत, हेच शेजारच्या माणसाने केलं असतं तर त्याला काय म्हटलं असतं. विवेकनिष्ठ विचारपद्धतीत यालाच कृतीचं माप माणसाला न लावणं म्हणतात. ‘मी फार छान आहे’ असली घोषणा नको, मन ती लगेच खोटी पाडतं.

शुभंकर गट, पुणे

आमच्याकडे पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शुभंकरांसाठी: ‘काय खाणार?’ विचारू नका. निर्णय घेणं हेच तर त्या माणसाला जड जातंय. ‘पोहे की उपमा?’ विचारा, उत्तर नाही आलं तर पोहे करा. ‘सकारात्मक विचार कर’ आणि ‘तुला काय कमी आहे?’ ही दोन वाक्यं घरातून हद्दपार करा. फिरायला गेला म्हणून टाळ्या पिटू नका, उद्या गेला नाही तर त्याच टाळ्या टोचतात. नातेवाइकांना द्यायचं एक उत्तर घरात सगळ्यांनी मिळून ठरवा: ‘तब्येत बरी नाही, औषध चालू आहे, महिनाभराने भेटू.’ फॅमिली ग्रुपवर याहून जास्त जायला नको. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ दुसऱ्या कुणी बसायचं, शुभंकराने घराबाहेर पडायचं. ही संध्याकाळ गोळीसारखीच वहीत लिहा, नाहीतर ती उगवतच नाही.

एक प्रश्न

भाऊ ‘आता काही अर्थ नाही’ म्हणतो. मरणाबद्दल थेट विचारावं का? डोक्यात नसलेलं भरवलं जाईल अशी वहिनीला भीती वाटते.

ओपीडीतली खुर्ची

विचारा. विचारल्याने विचार रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. एकटे असताना, शांतपणे: ‘जगणं नकोसं वाटतंय का? जीव द्यायचं मनात येतं का? कसं, कधी, असं काही ठरवलंयस का?’ उत्तर हो आलं तर उपदेश नको, शपथा नकोत, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही नको. ठरवलेलं असेल तर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, घरच्यांनीही लावावा.

गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात, घरात एका आठवड्यापुरत्याच. शेतीचं घर असेल तर फवारणीचं औषध घराबाहेर कुलपात आणि किल्ली शेजाऱ्याकडे. जीव द्यायच्या विचाराची आलेली लाट बऱ्याचदा थोडा वेळ टिकते. तेवढ्या वेळात काही हाताशी नसणं हाच बचाव. तरीही कुणी काही प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. डबा किंवा लेबल बरोबर घेऊन सरळ सरकारी रुग्णालय गाठा, १०८ बोलवा. पोलिसांच्या भीतीने लोक उशीर करतात. रुग्णालय पोलिसांना कळवेल, त्याने उपचार अडत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेलंच नाही.

एक प्रश्न

नवरात्राचे उपास आहेत. सासूबाई म्हणतात गोळी नऊ दिवस राहू दे. त्यांना दुसरी गोळी लिथियमचीही (मूड स्थिर ठेवणारी) आहे.

काउंटरवाला

राहू देऊ नका. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन रिकाम्या पोटी घेतली तरी अपाय नाही, फार तर मळमळेल. दूध, केळं घेऊन घ्या. लिथियमचं वेगळं आहे. पाणी किंवा मीठ एकदम कमी झालं की ते रक्तात साठतं. म्हणून निर्जळी उपास नाहीच, अळणी तर अजिबात नाही. साबुदाण्याच्या खिचडीत नेहमीइतकं मीठ, दिवसभर पाणी, ताक. हात जास्त थरथरायला लागले, जुलाब-उलट्या झाल्या, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन, आणि तो लागला नाही तर सरळ दवाखाना. रक्ततपासणी जवळ आली असेल तर शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं. रात्री नऊला घेतली असेल तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर.