मदत हवी आहे: एम1 मॅकवर डायरेक्टएक्स 12 चा गेम लोड होतानाच बंद पडतो

मॅकबुक एअर एम1, 8 जीबी रॅम, मॅकओएस सिकोया. क्रॉसओव्हरमध्ये (मॅकवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं ॲप) विंडोज 10 ची 64-बिट बॉटल (प्रोग्रामसाठी वेगळं ठेवलेलं विंडोजसारखं वातावरण), तिच्यात विंडोजचं स्टीम (गेम विकत घेऊन चालवायचं ॲप). गेम एकट्याने खेळायचा आहे, म्हणजे अँटी-चीटची (ऑनलाइन खेळातली फसवणूक पकडणाऱ्या सॉफ्टवेअरची) भानगड नाही. (कर्नलमध्ये बसणारं अँटी-चीट असतं तर विचारलंच नसतं, ते इथे चालतच नाही.)

डीथ्रीडी-मेटल (विंडोजच्या डायरेक्टएक्स ग्राफिक्सच्या आज्ञा मॅकच्या मेटलमध्ये बदलणारा थर) आणि एमसिंक (गेमच्या थ्रेड्सचा ताळमेळ जलद करणारी क्रॉसओव्हरची सेटिंग) चालू ठेवलं की मेनू झकास चालतो. पहिला मोठा नकाशा लोड होताना मात्र गेम एरर न दाखवता गायब. त्या वेळी ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मेमरी प्रेशर लाल आणि स्वॅप (रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) भराभर वाढलेला. सीपीयू-जीपीयूला तीच 8 जीबी वाटून घ्यावी लागते, त्यामुळे संशय तिथेच आहे. टेक्स्चर लो, रिझोल्यूशन 1280×800, ब्राउझर बंद, तरी तेच. रोझेटाचा (इंटेलसाठीचे प्रोग्राम एम1 वर चालवणारा ॲपलचा अनुवादक) एव्हीएक्स सपोर्टही (काही गेमना लागणाऱ्या प्रोसेसरच्या खास सूचना) चालू केलाय.

गेमला जीपीयू मेमरी कमी आहे असं भासवता येतं का? स्टीमच्या लाँच ऑप्शनमध्ये डायरेक्टएक्स 11 सक्तीने लावून डीएक्सएमटीवर (डायरेक्टएक्स 11 ला मेटलमध्ये बदलणारा दुसरा थर) चालवलं, तर मेमरी खरंच वाचते का? 8 जीबीवर कुणी चालवून पाहिलं असेल तर नेमकी सेटिंग्ज सांगा. ‘16 जीबीचा मॅक घ्या’ हे उत्तर माहीत आहे!