मदत हवी आहे: कॉर्टिसॉल (शरीरातलं स्टिरॉइड हार्मोन) जास्त, पण सीटीत गाठच नाही

धाकट्या बहिणीचा चेहरा वर्षभरात गोल झालाय, पोटावर जांभळ्या रेषा आल्यात, जरा धक्का लागला की काळंनिळं पडतं. रात्री १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (तपासणीसाठी दिलेली, एरवी कॉर्टिसॉल खाली आणणारी गोळी) घेऊनही सकाळचं कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं नाही. एसीटीएच (मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं, कॉर्टिसॉल बनवायला लावणारं हार्मोन) मात्र जवळजवळ शून्य, म्हणजे दोष पिट्युटरीत नाही, मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनलमध्येच. स्टिरॉइडची गोळी, मलम काहीही चालू नव्हतं. तरी सीटीत दोन्ही ग्रंथी नॉर्मल!

तिच्या ओठांवर लहानपणापासून बारीक काळे ठिपके आहेत (आम्ही आपले तीळच समजत होतो). ते बघून डॉक्टरांना पीपीएनएडी (अ‍ॅड्रिनलमधल्या, सीटीत बहुधा न दिसणाऱ्या बारीक गाठी) आणि कार्नी कॉम्प्लेक्सची (त्वचेवर ठिपके, हृदयात गाठी, हार्मोनचे दोष असा आनुवंशिक आजार) शंका आली. हृदयाचा इको आणि पीआरकेएआर१ए जनुकाची तपासणी सांगितलीय.

कुणाच्या घरी हे निदान झालंय का? सहा दिवसांची लिडल टेस्ट (डेक्सामेथासोन देऊन कॉर्टिसॉल मोजायची) केली होती का? त्यात कॉर्टिसॉल कमी होण्याऐवजी उलट वाढलं का?