पत्रा उघडा करून रेड ऑक्साईड मारून ठेवा, हा सल्ला आता बंद करा

कुर्ल्याची_पद्मिनी
परवा या फोरमवर एका काकांनी लिहिलं की जुन्या गाडीचा रंग पूर्ण उतरवा, पत्रा पांढरा करा, रेड ऑक्साईडचा एक हात मारा आणि दोन-तीन महिने "मुरू द्या", मग लांबी (खड्डे भरायची पुट्टी), मग रंग. खाली सगळ्यांनी हात जोडलेत. मला राहवलं नाही, कारण अगदी हेच ऐकून मी माझ्या पद्मिनीचं बॉनेट आणि दोन दारं घालवलीत.

रेड ऑक्साईड म्हणजे काय हो? लोखंडाचाच ऑक्साईड, गेरूच्या जातीचा. तो गंजाशी लढत नाही, नुसता पत्र्यावर पांघरूण घालतो आणि एका हाताचं ते पांघरूण पाण्याला आणि हवेला आत जाऊ देतं. वर त्याचा रंग गंजासारखाच, म्हणजे खाली गंज धरला तरी तुम्हाला कळणार नाही. माझी गाडी फेब्रुवारी ते मे शेडमध्ये होती, जूनमध्ये शेडच्या कडेने पावसाचे शिंतोडे यायला लागले, पेंटर म्हणाला काही होत नाही. गणपतीनंतर लांबी, सरफेसर (रंगाआधी घासून सपाट करायचा थर), रंग, सगळं झालं, आरशासारखी गाडी. पुढच्या वर्षी बॉनेटवर मुगाएवढे फोड. नखाने एक उचकटला तर लांबीचा तुकडा हातात आला आणि खाली काळा-तांबडा चुरा. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, तो फुगला की वर कितीही भारी रंग असो, उचलला जाणारच.

माझं म्हणणं एकच आहे. पत्रा ज्या दिवशी उघडा केला त्याच दिवशी त्यावर दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर, दुसऱ्या डब्यात तो कडक करणारा हार्डनर), दोन कोट, स्प्रे गनने. लांबी त्याच्या वर. उघड्या पत्र्यावर लांबी नाही म्हणजे नाही, ती पाणी धरते. रोज एक-एक पॅनल उघडा करा, पण उघडा ठेवून झोपू नका.

कोल्हापूर_डेंटर
ते काका म्हणजे मी. ३५ वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलंय, जीप, ॲम्बेसेडर, फियाट सगळ्या हाताखालून गेल्यात, म्हणून जरा ऐका.

तुमच्या पेंटरनं डब्यातला स्वस्त रेड ऑक्साईड मारला असणार. आमच्या वस्तादांच्या वेळी जे लाल लागायचं ते वेगळं होतं, तो शेंदूर, मारुतीला लावतात तोच, अळशीच्या तेलात घोटलेला. त्यात शिसं असतं, ते तेलाबरोबर मिळून पत्र्याला गंजू देत नाही. ते सुकायलाच आठवडे लागायचे, म्हणून "मुरू द्या" म्हणायची पद्धत. आज दोन्हीला लोक लालच म्हणतात. माझ्या लिहिण्यात हा फरक राहून गेला, तेवढं मान्य. पण जुनी पद्धत खोटी होती हे मान्य नाही, त्या लालावरच्या जीपा माझ्या डोळ्यांसमोर वीस-वीस वर्षं टिकल्यात.

आणि इपॉक्सीचं कौतुक करता तर हेही सांगा की निम्मे पेंटर हार्डनर डोळ्याने ओततात. प्रमाण चुकलं की तो प्रायमर आयुष्यभर चिकट राहतो.

चेतक_७८
उन्हात ठेवायचं असेल तर इपॉक्सीसुद्धा नको, उन्हाने त्याची पावडर होते. माझ्या चेतकचं साईड पॅनल गच्चीवर राहिलं होतं, बोट फिरवलं की पांढरं.

शिवाय पॉलिश पेपरने घासणं आणि इपॉक्सी पुरेसं नाही. आधी फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावा, गंजाचं फॉस्फेट होतं, काळा थर बसतो, त्यावर थेट प्रायमर. व्हिंटेज गाडीला एवढं तरी करा.

कुर्ल्याची_पद्मिनी
थेट नाही!! ॲसिड धुतलं नाही तर इपॉक्सीचा हार्डनर त्या ॲसिडशीच भांडत बसतो, खालचा थर नीट कडक होत नाही आणि सालपटं निघतात. इच प्रायमरवर (ॲसिड असलेला प्रायमर) इपॉक्सी मारतात तिथेही हेच होतं. ॲसिड वापरायचं तर खड्ड्यातल्या गंजापुरतं, मग पाण्याने धुवायचं, सुकवायचं, घासायचं.

चेतक_७८
म्हणजे गंज काढायला पत्र्याला पाणी लावायचं? गंज पाण्यानेच येतो ना साहेब?

वेंगुर्ला_लॅम्ब्रेटा
मी सांगतो, कारण आमच्याकडे पाण्याशिवाय गत्यंतर नाही. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. माझ्या लॅम्ब्रेटाचे पॅनल मी दोनदा रंगवले. पहिल्या वेळी पेपर, थिनर, इपॉक्सी, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं. आठ महिन्यांत बारीक पुरळ. तेव्हा माझ्या मामांनी, ते गोदीत जहाजांच्या रंगकामावर होते, मला विचारलं, मीठ धुतलंस का? मी म्हटलं कसलं मीठ. गंजाच्या खड्ड्यांत समुद्राचं मीठ बसलेलं असतं, ते थिनरमध्ये विरघळत नाही, फक्त पाण्यात विरघळतं. तुम्ही वरून प्रायमर मारलात की मीठ आत अडकतं आणि रंगातून ओल ओढून घेत राहतं, त्याचाच फोड होतो.

दुसऱ्या वेळी घासून झाल्यावर विहिरीचं गोडं पाणी उकळून ओतलं, तीनदा, तारेच्या ब्रशने खड्डे घासत. पत्रा गरम असतो तो मिनिटात सुकतो, वर हीट गन. हलकी पिवळट झाक आली ती बारीक पेपरने काढली, थिनरने पुसलं आणि दुपार व्हायच्या आत इपॉक्सी. हातमोजे घालून, कारण घामातही मीठच असतं. पाच पावसाळे झाले. आणि हे सगळं मार्चमध्ये. पावसाळ्यात हवेत ८५ टक्क्यांच्या वर दमटपणा असताना आमच्याकडे कुणी गन हातात धरू नये, पत्र्यावर न दिसणारं दव असतं आणि इपॉक्सीवर तेलकट चिकट थर येतो तो वेगळाच.

चेतक_७८
पाण्याचं पटलं. नाइलाजाने, पण पटलं.

व्हीए_पाटी
एक दुरुस्ती. ७८ ची चेतक व्हिंटेज नाही. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं व्हायला हवीत, आणि चासी, बॉडी शेल, इंजिनात मोठा बदल नको. फ्लोअर कापून नवीन टाकणाऱ्यांनी हे आधी वाचा.

चेतक_७८
ती व्हिंटेज गाडीची "व्हीए" अक्षरांची नंबर पाटी तुम्हीच लावून घ्या. मी वडिलांची स्कूटर वाचवतोय, जिच्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं नंबर लावला होता. माझ्यासाठी ती व्हिंटेजच आहे.

भाऊ_इचलकरंजी
तुम्ही सगळे घासत बसलाय. मी बॉनेट, डिकी, मडगार्ड गाडीत टाकले आणि एका फाउंड्रीच्या शेजारच्या युनिटमध्ये शॉट ब्लास्टिंगला दिले. अर्ध्या तासात पांढरेशुभ्र. फक्त बॉनेट पापडासारखं झालं. मधोमध दाबलं की टक्‌ करून आत जातं, सोडलं की बाहेर. उष्णतेने झालं असेल का?

कोल्हापूर_डेंटर
अरे भावा, ती मशीन कास्टिंगसाठी असतात! जेमतेम मिलिमीटरभर पत्रा तो, त्यावर लोखंडी दाणे मारल्यावर काय होणार? तापल्यामुळे नाही झालं, दाण्यांच्या माराने एका बाजूची कातडी ताणली गेली. आता ते शिस्तीत गरम करून, गार करून आवळावं लागंल, आणि तरी पूर्वीसारखं होईल याची खात्री नाही. सपाट पॅनलला पेंट रिमूव्हर आणि हात, एवढंच. ब्लास्टिंग ठेवायचं चासीला, रिमला, ब्रॅकेटला. तेही कंप्रेसर आणि वाळूवर करणारे आहेत गावोगाव, शंभर-दोनशेत काम.

रंगवाल्याची_मुलगी
शंभर-दोनशेत काम. हे वाचून थांबले होते, पण आता लिहितेच.

माझे बाबा तेच काम करायचे. वाळू चाळायची, कंप्रेसर लावायचा, तोंडाला ओला पंचा. जुन्या गाड्यांच्या चासी, गेट, ग्रिल. पंचावन्नाव्या वर्षी दोन जिने चढता येईनात. आधी टीबी म्हणून गोळ्या दिल्या, मग मोठ्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, दगडाच्या खाणीत होता का? सिलिकोसिस, दगड-वाळूची धूळ फुप्फुसात बसून होतो तो. त्याला औषध नाही, फुप्फुस परत येत नाही. ब्रिटनमध्ये वाळूने ब्लास्टिंग करायला १९५० पासून बंदी आहे. इथे तुम्ही गार्नेट (वाळूऐवजी मारायचे खनिजाचे दाणे) महाग पडतं म्हणून वाळूवाला शोधता आणि त्याच्याच कामाचे फोटो टाकता, "रिझल्ट बघा". आणि तो शेंदूर, काका, तो कुणी घोटला हाताने? घासला कुणी कोरडा पेपर मारून? शिशाची ती धूळ कुणाच्या घरात गेली?

कोल्हापूर_डेंटर
ताई, आम्ही काय बाहेरून बघत होतो का? आम्हीच घोटला, आम्हीच घासला. आमच्या वस्तादाचे हात शेवटी थरथरायचे, ते कशाने हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. तुम्ही मला मालकांच्या रांगेत बसवू नका.

व्हीए_पाटी
विषय गंजाचा आहे. आरोग्याचा वेगळा धागा काढावा.

रंगवाल्याची_मुलगी
वेगळा नाही. याच पत्र्यावरचं हे काम आहे. काका, तुम्हाला बोलायचं नव्हतं, तुमचं खरं आहे. पण मग तुम्हीच लिहा ना, वाळू नको म्हणून. तुमचं लोक ऐकतात.

वेंगुर्ला_लॅम्ब्रेटा
ताईंचं बरोबर आहे आणि रंगाच्या बाजूनेही बरोबर आहे. वाळू किनाऱ्यावरची असेल तर तिच्यातलं मीठ थेट पत्र्यात ठोकलं जातं. गार्नेट घ्या, बंद खोलीत, बाहेरून हवा येणारा टोप घालून. परवडत नसेल तर हाताने ओलं घासा, धूळ उडत नाही.

भाऊ_इचलकरंजी
माझी दारं अजून दिलेली नाहीत. आता घरीच रिमूव्हर लावतो.

कुर्ल्याची_पद्मिनी
दारं करत असाल तर खालची दुमड उघडून बघा. आमच्या पद्मिनीला गंज बाहेरून आलाच नव्हता, काचेच्या रबरातून पाणी आत उतरतं आणि खालची भोकं चिखलाने बुजलेली, पाणी तिथेच साठतं. बाहेरून कितीही प्रायमर मारा, त्या दुमडीत गन पोचत नाही. आणि तिथे ॲसिड तर अजिबात घालू नका, फटीत अडकतं आणि रंग झाल्यावर झिरपत बाहेर येतं. भोकं मोकळी करा, रंग झाल्यावर आतून पातळ मेण फवारा, दर दोन वर्षांनी परत.

कोल्हापूर_डेंटर
मेणाचं बरोबर. आम्ही जुनं ऑइल आणि ग्रीस गरम करून सोडायचो, ते रबर खायचं.

माझी परवाची पोस्ट दुरुस्त केलीय. "रेड ऑक्साईड मारून मुरू द्या" काढलं, "त्याच दिवशी इपॉक्सी, हार्डनर मापाच्या कपाने" असं लिहिलं. आणि वर पहिल्या ओळीत लिहिलंय, वाळूने ब्लास्टिंग करू नका, करवून घेऊ नका. मुरू द्यायचं मात्र मी अजून म्हणतो, सरफेसर मारल्यावर रंगाआधी आठवडाभर तरी थांबा, थिनर पूर्ण उडू द्या. त्यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये.

कुर्ल्याची_पद्मिनी
त्यावर नाही घालत. पण तो आठवडा गाडी छपराखाली, कोरड्यात.