दिल्ली–टोकियो: जाताना साडेसात तास, येताना साडेनऊ. तुमचा अनुभव?

डिसेंबरात आई-बाबा आमच्याकडे येणार आहेत. दोघांचीही पहिलीच परदेशवारी. तिकिटावर दिल्ली–टोकियो साडेसात तास आणि परतीचे साडेनऊ दिसतात. बाबांनी लगेच विचारलं, "परतताना मध्ये कुठे थांबतं का?" सरळ रेषेत अंतर दोन्हीकडून तेच, ५,९०० किमीच्या आसपास. मला धड सांगता आलं नाही. ज्येष्ठांना घेऊन हा प्रवास केलेल्यांनी जरूर लिहा.
— निशिकासाईकर

वारा हो, दुसरं काय! दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा झोत वाहतो, जेट स्ट्रीम. थंडीत जपानवर तो भलताच तगडा. मी जानेवारीत गेलो तेव्हा समोरच्या पडद्यावर वेग ताशी १,१५० किमी दिसत होता. परतताना तोच आकडा ७००च्या खाली. सायकल आणि समोरचं वारं म्हणा, बाबांना चटकन कळेल.
— वारकरी_हवाई

सरळ रेषेवर जाऊ नका, ती तिबेटवरून जाते. खाली जमीनच चार-साडेचार हजार मीटर उंच. केबिनमधला दाब गेला तर विमानाला झटपट तीन हजार मीटरपर्यंत उतरावं लागतं, तिथे उतरणार कुठे? म्हणून आमचं विमान बांगलादेश, म्यानमार असा दक्षिणेचा वळसा घेऊन चीनमध्ये शिरलं. हिमालय दिसेल म्हणून मी बायकोशी भांडून डावीकडची खिडकी मिळवली होती. विमान रात्रीचं. दिसला तो पंखावरचा दिवा.
— खिडकीवाला

सासूबाईंना इन्शुलिन चालू आहे. रात्री आठला सुटलेलं विमान आपल्या साडेतीनला उतरलं, तेव्हा तिथे सकाळचे सात. म्हणजे रात्रच साडेतीन तासांनी आखडली. डॉक्टरांकडून वेळा आधीच लिहून घेतल्या होत्या आणि तो कागद त्यांनी पर्समध्ये नाही, ब्लाउजमध्ये ठेवला. मनगटावरचं घड्याळ मात्र दोन दिवस बदलू दिलं नाही. परतीचा दिवस उलट लांबतच जातो. अकराला निघालो, साडेनऊ तास बसलो, आणि दिल्लीत संध्याकाळचे पाचच!
— मीनल_पुणे

पाय सुजतात. दर तासाला उठवा.
— आजोबा७१

विमानातले तास सोडा, दारापासून दारापर्यंत मोजा. आम्हाला पुण्यातल्या घरातून टोकियोतल्या घरी पोचायला एकवीस तास लागले. पुणे–दिल्ली विमान तीन तास लेट झालं होतं एकदा, पुढचं चुकलं. दोन्ही एकाच तिकिटावर होती म्हणून दुसऱ्या दिवशी फुकट जागा मिळाली, वेगवेगळी काढली असती तर गेलेच होते पैसे. आणि टोकियोच्या दोन विमानतळांपैकी उतरायचं हानेदाला की नारिताला ते बघा. नारिता शहरापासून साठेक किमी. वयस्कर माणसांना रात्रभराच्या जागरणानंतर तो वरचा तास-दीड तास नको होतो.
— चिवडा_डिक्लेअर्ड

हानेदाचंच आहे, हुश्श. व्हीलचेअरही सांगून ठेवली. बाबांना वाऱ्याचं समजावलं. म्हणाले, "मग जातानाचं भाडं कमी का नाही?"
— निशिकासाईकर