खाडीकाठच्या मचूळ पाण्यात दाढीच्या साबणाचा फेस बसतो, गळ्यावर पुरळ उठतं. उपाय?

खाडीकाठ (प्रश्न)

घर दाभोळच्या खाडीलगत. दाढीचं सामान म्हणजे पन्नास रुपयांच्या आतली साबणाची गोल वडी, डुकराच्या केसांचा ब्रश आणि साधं ब्लेड बसवायचा सेफ्टी रेझर. ओला ब्रश वडीवर पाच-सहा वेळा फिरवतो आणि फेस चेहऱ्यावरच करतो. आधी फेस भरपूर दिसतो, पण एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा बसलेला असतो आणि खाली पांढरट, चिकट थर उरतो. ब्लेड अडखळतं. हनुवटीखाली आणि गळ्यावर लाल पुरळ येतं, तुरटी फिरवली की आग आग होते.

पाणी विहिरीचं आहे, एप्रिल-मे महिन्यांत मचूळ लागतं. बंबात कडकडीत तापवून घेतलं तरी फरक पडत नाही. दाढी रोज करतो, ब्लेड आठवड्याने बदलतो. महागडं क्रीम घेतल्याशिवाय सुटका नाही, की याच वडीवर काम भागेल?

कातळावरची विहीर

वडी बदलू नका, आधी पाणी बदला. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं पाण्याकडे बोट दाखवतात.

मचूळ पाण्यात दोन वेगळ्या अडचणी असतात. पहिली मिठाची. साबण कारखान्यात शिजवलेल्या साबणात मिठाचं पाणी ओततात, त्यामुळे साबण पाण्यातून फुटून वर तरंगतो आणि काढून घेता येतो. खारवटलेल्या विहिरीच्या पाण्यात तुमच्या चेहऱ्यावर हीच गोष्ट थोड्या प्रमाणात होते. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल (चरबी-तेलातलं, कार्बनच्या लांब साखळीचं आम्ल) भरपूर असतं, म्हणूनच त्याचा फेस घट्ट आणि टिकाऊ होतो. पण या लांब साखळीच्या आम्लाचा साबण मिठापुढे लवकर हार मानतो. खोबरेलापासून केलेला साबण खाऱ्या पाण्यातही बऱ्यापैकी फेसाळतो, कारण त्यातली आम्लं आखूड साखळीची असतात. मात्र तो फेस हलका, मोठ्या बुडबुड्यांचा असतो आणि दाढी होईपर्यंत टिकत नाही. म्हणून खोबरेलाच्या आंघोळीच्या साबणाने दाढी करा असं मी सांगणार नाही.

दुसरी अडचण कॅल्शियम-मॅग्नेशियमची. शाळेत ज्याला दुष्फेन पाणी म्हणायचे, ते हे. साबण आधी या क्षारांशी जुळतो आणि न विरघळणारा साका तयार होतो. गालावर उरणारा पांढरट चिकट थर बहुतेक हाच. त्याने ब्लेड घसरत नाही, उलट अडतं.

तापवल्याने का भागत नाही ते बंबातच दिसेल. आत पांढरी खपली धरत असेल तर तेवढा क्षार उकळताना खाली बसला. बाकीचा पाण्यातच राहतो. मीठ तर उकळून जातच नाही, वाफ गेली की पाणी आणखी खारट होतं.

खात्री करायची तर अर्ध्या लिटरच्या दोन स्वच्छ बाटल्या घ्या. एकीत १०० मिली विहिरीचं पाणी, दुसरीत तेवढंच आरओ फिल्टरचं किंवा पावसाचं. दोन्हींत हरभऱ्याच्या डाळीएवढा दाढीच्या साबणाचा किस टाका, साबण विरघळेपर्यंत हलवा, मग वीसदा जोरात हलवून पाच मिनिटं ठेवा. चांगल्या पाण्यावर बोटभर फेस तसाच राहतो. वाईट पाण्यात फेस बसतो आणि नासलेल्या दुधासारखे कण तरंगतात.

दाढीला चांगलं पाणी लागतं किती? फुलपात्रभर, म्हणजे सुमारे २०० मिली. ब्रश भिजवायला, चेहरा ओला करायला, फेसात घालायला आणि शेवटी ब्लेड धुवायला तेवढं पुरतं. रेझर मधेमधे बुडवायला विहिरीचं पाणी चालेल. पण ब्रश मात्र त्यात बुडवायचा नाही. केसांच्या बुडाशी राहिलेलं मचूळ पाणी सगळा फेस बिघडवतं. कातळावरच्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणी सहसा सुफेन असतं, तेव्हा वरच्या वाडीतून कळशीभर आणता आलं तरी महिनाभर पुरेल. तेही नसेल तर गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्या. मात्र लेबल वाचून, कारण त्याच दुकानात बॅटरीचं आम्लही मिळतं.

तासलेलं पातं

पाण्याबद्दल वर लिहिलंय ते पटतं. पण पाणी सुधारलं तरी तुमचा फेस उभा राहणार नाही, कारण ब्रशवर साबणच चढलेला नाही. पाच-सहा फेऱ्यांत फक्त बुडबुडे चढतात. स्वस्त वडी आणि महाग वडी यांतला बराचसा फरक इथेच मिटतो. स्वस्त वडी कडक असते, तिच्यावर ब्रश जास्त वेळ फिरवावा लागतो, एवढंच.

डुकराच्या केसांचा ब्रश कोमट पाण्यात ३ मिनिटं भिजत ठेवा. हे केस पाणी पितात. कोरडेच वापरले तर फेसातलं पाणी ओढून घेतात आणि फेस गालावर वाळतो. (नायलॉनच्या ब्रशला भिजवण्याची गरज नाही.) त्याच वेळी वडीवर चहाचा एक चमचा पाणी घालून ठेवा. ३ मिनिटांनी ते पाणी ओतून टाका आणि ब्रश दोनदा झटका. ब्रश ओला हवा, पण त्यातून थेंब पडता कामा नये.

आता वडीवर हलक्या हाताने गोल फिरवा, पूर्ण ३० ते ४० सेकंद. पहिल्या दहा सेकंदांत मोठे बुडबुडे येतील, तिकडे लक्ष देऊ नका. थांबायचं कधी, तर बुडबुडे मोडून केसांच्या टोकांत सायीसारखा घट्ट, चिकट लगदा बसला की. ब्रश उलटा धरला तरी तो ओघळत नाही. एका दाढीला साधारण १ ग्रॅम साबण जातो, म्हणजे ६० ग्रॅमची वडी रोजच्या दाढीला दोन महिने पुरते. इथे काटकसर करून हाती काही लागत नाही.

पुढचं काम सुरुवातीला चिनीमातीच्या वाटीत करा, म्हणजे काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. लगदा पाणी न घालता दहा-बारा फेऱ्या घोटा. मग चहाचा अर्धा चमचा पाणी, पंधरा फेऱ्या. पुन्हा अर्धा चमचा, पुन्हा पंधरा फेऱ्या. असं पाच-सहा वेळा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला फेस भरपूर फुगतो आणि सगळे इथेच फसतात. फेस दिसायला कापसासारखा असतो, पण कोरडा. त्याच्यावर चमक नसते. असा फेस चेहऱ्यावर दोन मिनिटांत वाळून तडकतो. आणखी दोन-तीनदा पाणी घातलं की फेस थोडा बसतो आणि नारळाच्या घट्ट रसासारखी चमक येते. ब्रश उचलला की शेंडा उभा राहतो आणि टोक वाकतं. तो खरा फेस. चिमटीत घेऊन अंगठा-तर्जनी एकमेकांवर घासा: बोटं सुळकन घसरली पाहिजेत. चिकटली तर पाणी कमी. उघडे बुडबुडे दिसले आणि फेस मनगटाकडे ओघळला तर पाणी जास्त झालं. अशा वेळी ब्रश पुन्हा दहा सेकंद वडीवर फिरवा.

पाणी चमच्यानेच मोजायचं. नळाखाली ब्रश धरला की एका दमात तीन-चार चमचे पाणी शिरतं आणि फेस हाताबाहेर जातो.

हर्णै बंदर

फेस साधला तरी गळ्यावरचं पुरळ त्याने एकट्याने जाणार नाही. त्याचं कारण हात.

गळ्यावरचे केस सगळ्यांचे खाली वळलेले नसतात. कोणाचे वर, कोणाचे कानाकडे, कोणाचे कंठाच्या दोन बाजूंना दोन दिशांना. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोटाच्या पेराने चारही दिशांना चाचपा. ज्या दिशेला हात गुळगुळीत जातो ती सुलट, जिथे खुंट टोचतात ती उलट. कागदावर बाण काढून आरशाला लावा. हनुवटीखाली तुम्ही सवयीने वरून खाली ओढत असाल आणि केस जर वर वळलेले असतील, तर पहिल्याच फेरीत उलटी दाढी होते. पुरळ बरोबर तिथेच उठतं.

पहिली फेरी सुलट. पुन्हा फेस लावून दुसरी आडवी. उलटी फेरी गळ्यावर निदान दोन आठवडे बंद ठेवा. रेझर दांड्याच्या टोकाकडे धरा, म्हणजे दाबायचं म्हटलं तरी दाब येत नाही. त्याचं स्वतःचं वजन पुरेसं असतं. कोन साधायला रेझरचं डोकं गालावर टेकवा, दांडा गालाशी काटकोनात. मग दांडा हळूहळू खाली आणा आणि केस कापल्याचा आवाज सुरू होईल तिथे थांबा. कातडी आणि ब्लेड यांच्यात सुमारे ३० अंश राहतात. ओढ दोन-तीन सेंटीमीटरचीच. जिथला फेस निघाला तिथे पुन्हा कोरडं पातं फिरवायचं नाही. एखादा केस राहिला तर बोटाने ओला फेस लावून मगच.

रोजच्या दाढीला एक ब्लेड सात दिवस हे माझ्या मते जास्त होतं. चार ते पाच दाढ्या, मग फेका. राठ केसांना तीनच. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड स्टेनलेस पोलादालाही कुरतडतं. शेवटी रेझर चांगल्या पाण्यात खळखळून झटका. पातं पंचाने पुसू नका, धार मोडते.

आग झाली म्हणून तुरटीला दोष देऊ नका. तुरटी जिथे झोंबते तिथे कातडी खरवडली गेली आहे, उद्या तिथे हात हलका ठेवायचा. ओली तुरटी फिरवून अर्धा मिनिट थांबा आणि धुऊन टाका. वाळू दिली तर चेहरा ओढल्यासारखा होतो. लाल पुरळ फुललेलं असेल त्या दिवशी तुरटीही नको आणि दाढीही नको. एकाची तुरटी दुसऱ्याने वापरू नये, घरातल्यानेही नाही.

दाढीआधी थेंबभर खोबरेल चोळलं तर राठ केसांना बरं पडतं.

तासलेलं पातं

खोबरेलाबद्दल माझा विरोध आहे. तेल फेस मारतं आणि यांची सगळी तक्रारच फेस बसतो ही आहे. केस मऊ होतात ते पाण्याने. आंघोळ झाल्यावर लगेच दाढी करा, नाहीतर कोमट पाण्यात भिजवलेला पंचा २ मिनिटं चेहऱ्यावर धरा. रात्रीचं तेल तोंडाला असेल तर आधी साबणाने धुवा. खोबरेल दाढीनंतर लावा, दोन थेंब, कातडी ओलसर असतानाच.

हर्णै बंदर

मान्य. निदान पाण्याचा प्रश्न सुटेपर्यंत तेल नको.

माडाचं आगर

पावसाळा तोंडावर आहे म्हणून थोडं ठेवणीबद्दल. मोरीत ठेवलेली वडी जून ते सप्टेंबर वाळतच नाही. साबणातलं ग्लिसरीन हवेतला दमटपणा ओढतं आणि वडी खालून लिबलिबीत होते. भोकांची साबणदाणी घ्या, दाढी झाल्यावर वडी उभी करून मोरीबाहेर खिडकीत ठेवा. ब्रशचंही तेच. धुवा, झटका, केस खाली करून टांगा. प्लास्टिकच्या टोपणात कोंबलेला ब्रश आठ दिवसांत कुबट वास मारतो आणि बुडाशी काळी बुरशी धरते. केसांच्या बुडाशी काळे ठिपके दिसले की ब्रश टाकून द्या. तीस-चाळीस रुपयांसाठी चेहऱ्याशी खेळ नको.

आणखी एक. या दमट दिवसांत गळ्यावर गोल, कडा उठलेला, खाजणारा चट्टा आला तर ते दाढीचं पुरळ समजू नका. गजकर्ण असू शकतं. त्यावरून ब्लेड फिरवलं की पसरतं. दाढी थांबवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने मलम आणू नका, त्यात स्टेरॉइड असलं तर चट्टा आधी दबतो आणि मग जास्त फोफावतो.

खाडीकाठ

बाटल्यांची चाचणी केली. विहिरीच्या पाण्यात पाच मिनिटांत फेस गेला, वर कण. फिल्टरच्या पाण्यात बोटभर फेस तसाच. आज फुलपात्रभर फिल्टरचं पाणी, वडीवर ४० सेकंद, वाटीत सहा वेळा अर्धा अर्धा चमचा. दुसरी फेरी संपेपर्यंत फेस ओला होता. हनुवटीखालचे केस उजवीकडे वर आणि डावीकडे कानाकडे वळलेले निघाले. तुरटी फक्त डाव्या बाजूला झोंबली.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. फिल्टर शेजारच्यांचा आहे, रोज मागणं बरं दिसत नाही, तर पावसाचं पाणी कसं धरावं? आणि ही वडी संपल्यावर दुकानात नवी घेताना काय पाहावं?

कातळावरची विहीर

पहिल्या एक-दोन मोठ्या सरी जाऊ द्या, कौलांवरची धूळ, पानं आणि पाखरांची घाण धुऊन निघते. कौलांच्या पागोळ्यांखाली धरण्यापेक्षा उघड्या अंगणात पाटावर परात ठेवणं चांगलं. जोराची सर अर्धा तास लागली की लिटर-दोन लिटर सहज जमतं, म्हणजे आठवड्याची दाढी. फडक्यातून गाळून काचेच्या बाटलीत भरा, बूच घट्ट लावा, आठवड्याने बदला. उघडं ठेवलं तर डासांची अंडी होतात. पावसाने विहिरीला गोडं पाणी आलं की ऑगस्टमध्ये बाटलीची चाचणी पुन्हा करा. कदाचित तेव्हा विहिरीचंच चालेल.

तासलेलं पातं

वडीच्या वेष्टनावर घटक उतरत्या प्रमाणात दिलेले असतात. पहिल्या चार-पाच नावांत स्टिअरिक ॲसिड किंवा पोटॅशियम स्टिअरेट आणि ग्लिसरीन दिसलं तर घ्या. पोटॅशियमचा साबण सोडियमच्या साबणापेक्षा मऊ असतो आणि पाण्यात लवकर उतरतो, ब्रशवर पटकन चढतो. नुसतं सोडियम पामेट, सोडियम कोकोएट एवढंच असेल तर ती बहुधा आंघोळीचीच वडी, गोल साच्यात घातलेली. वास कमी असेल ती निवडा. सुगंधानेही पुष्कळांच्या गळ्याला खाज सुटते. आणि डाव्या बाजूला झोंबलं म्हणालात, तर कानाकडे वळलेल्या केसांवर रेझर आडवा, कानाच्या दिशेने न्या. दुसऱ्या हाताने कानामागची कातडी मागे ताणून धरा, नाहीतर जबड्याच्या कोपऱ्यावर पातं पुन्हा अडेल.