गाठी मारल्या की सोडवल्या?

'गेम ऑफ थ्रोन्स' या सिंहासनासाठीच्या झगड्यावरच्या मालिकेच्या सहाव्या सीझनचा शेवटचा भाग (२०१६) म्हणजे सगळे धागे घाईघाईने एकत्र कोंबलेत, हे मत अर्धंच पटलं. घाई आहेच. हेरप्रमुख व्हॅरिस दूरच्या डॉर्नमध्ये काय बोलतो, आणि थोड्याच वेळात ड्रॅगनवाल्या डेनेरिसच्या जहाजावर काय उभा असतो! (तिथे म्हणे ड्रॅगनपेक्षा वेगवान होड्या मिळतात.)

पण सुरुवातीची वीसेक मिनिटं बघा. राजमाता सर्सीवरच्या खटल्यासाठी सगळे सेप्टमध्ये (मंदिरात) जमलेत, फक्त सर्सीच नाही. संगीतकार रमीन जवादीचा पियानो हळूहळू चढत जातो. तोवर या मालिकेत पियानो जवळजवळ ऐकूच आला नव्हता, त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे कानांना आधी कळतं. मग सर्सीने घडवलेल्या एका हिरव्या स्फोटात राणी मार्जरी, धर्मगुरू हाय स्पॅरो, मार्जरीचा भाऊ लोरास सगळेच संपतात. म्हणजे इथे धागे जोडलेले नाहीत, कापलेत! पात्रं कमी झाली म्हणून तर पुढचा पट मोकळा झाला. आणि सर्सीचा मुलगा राजा टॉमेन याच्या खिडकीचा तो शॉट... कॅमेरा हलतसुद्धा नाही. पोरगा फ्रेमबाहेर जातो, मुकुट काढून परत येतो आणि सरळ खाली. एक संवाद नाही.

खरं जोडकाम मला भूतकाळ पाहू शकणाऱ्या ब्रॅनच्या दृश्यात दिसतं. नेड स्टार्कची बहीण लियाना हिच्या बाळाचा चेहरा आणि लगेच विंटरफेलमधल्या बैठकीत बसलेल्या जॉनचा चेहरा. एका कटमध्ये जॉनच्या जन्माचं सहा सीझनचं कोडं सुटलं, आणि जॉनला स्वतःला मात्र पत्ताच नाही. त्याच बैठकीत उत्तरेचे सरदार त्याला नेड स्टार्कचा मुलगा समजून राजा करतात.

आणि नेडची मुलगी आर्या सूड म्हणून वॉल्डर फ्रेला त्याच्याच मुलांची पाई खायला घालते, ते? मजा आली, पण ती पाई जरा जास्तच झाली.